पेरणीचं पाप युरियानं फिटत नाही

"सर, गहू पिवळा पडला. युरिया किती टाकू?"

डिसेंबर लागला की हा प्रश्न सुरू होतो. मौद्याहून, उमरेडहून, पारशिवनीहून, कळमेश्वरहून. विचारणारे तुम्हीच असता, माझ्या वर्गात चार वर्षं बसून गेलेले. मी उलट विचारतो. कोणत्या तारखेला पेरलं? ओळीत पेरलं की फेकून? दाणा किती खोल गेला? खत दाण्याखाली पडलं की दाण्यातच मिसळलं? पहिलं पाणी कितव्या दिवशी दिलं? एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर येत नाही. मग पुन्हा तेच: "ते जाऊ द्या सर, युरिया किती टाकू तेवढं सांगा."

ते मी जाऊ देणार नाही. शाळेची पायरी न चढलेल्या माणसानं हा प्रश्न केला असता, तर मी त्याच्या धुऱ्यावर बसून हवं तितका वेळ समजावलं असतं. तुम्हाला समजावायचं काही उरलेलं नाही. तुम्हाला हे सगळं ठाऊक आहे. नत्राची मात्रा पाठ आहे, मुकुटमुळांची अवस्था पाठ आहे, युरियातलं ४६ टक्के नत्र झोपेतही सांगाल. आणि तरीही स्वतःच्या वावरात जाऊन तुम्ही गहू मुठीनं फेकता, वरून रोटाव्हेटर फिरवता, आणि पीक पिवळं दिसलं की पोत्याचं तोंड उघडता. या वागण्याला अज्ञान म्हणता येत नाही. हा आळस आहे, आणि त्याची किंमत तुमच्या घरचे लोक भरतात. म्हणून आज कान उघडे ठेवून ऐका.

तुम्ही शिकलात कुठे, ते आधी आठवा. या नागपुरात १९०६ पासून कृषी महाविद्यालय आहे. अमरावती रस्त्यावर राष्ट्रीय मृद सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्युरोचं मुख्यालय आहे, जिथे सगळ्या देशाच्या मातीचे नकाशे होतात. आपल्या काळ्या मातीचा सामू आठच्या घरात असतो, तिच्यात चुनखडी असते, ती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते, हे तुम्ही प्रात्यक्षिकाच्या वहीत स्वतःच्या हातानं लिहिलंय. त्या वहीतलं एक वाक्य तरी पेरणीच्या दिवशी आठवावं, एवढी अपेक्षा मी ठेवली तर ती फार आहे का?

तारखेपासून सुरुवात करू, कारण पहिली चोरी तिथे होते. ओलिताच्या गव्हाची वेळेवर पेरणी म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. हे बंधन कुणाच्या लहरीतून आलेलं नाही, नागपूरच्या हिवाळ्यानं ते घातलंय. दाणा भरताना गव्हाला २५ अंशांच्या आसपासचं तापमान मानवतं. आपल्याकडे जानेवारीत दुपारचा पारा सरासरी २८-२९ अंशांवर असतो, फेब्रुवारीत ३२ पर्यंत जातो आणि मार्चमध्ये ३६ च्या वर. आठ नोव्हेंबरला पेरलेला गहू जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात फुलोऱ्यावर येतो आणि थंडी अंगावर असतानाच दाणा भरून घेतो. पंधरा डिसेंबरला पेरलेल्याचा फुलोरा फेब्रुवारीच्या मध्याला, आणि दाणा भरायची वेळ ऐन मार्चमध्ये. मग दाणा सुरकुततो, वजन जातं, आणि तुम्ही म्हणता बियाणंच खराब होतं. २०२२ चा मार्च आठवतो ना? उत्तरेत उष्णतेची लाट आली, दाणा पोचट राहिला, आणि १३ मे रोजी सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. पंजाबवर जे संकट एखाद्या वर्षी येतं, तो आपला दर वर्षीचा मार्च आहे. आपल्याला दिवस वाया घालवायची मुभाच नाही.

सोयाबीन ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत वावरातून निघतं. हातात तीन आठवडे असतात. ते कशात जातात, हे मी वर्षानुवर्षं पाहत आलोय. दिवाळी, मग सोयाबीनच्या भावाची वाट, मग ट्रॅक्टरवाल्याची वाट, मग आणखी कसली तरी वाट. पऱ्हाटी उपटून गहू करणाऱ्याला डिसेंबरशिवाय इलाज नाही, हे मला मान्य आहे. पेंचच्या कालव्याला पाणी सुटेल तेव्हाच ज्याचं ओलित होतं, त्याच्याही हाती तारीख नसते. त्यांना मी बोल लावत नाही. त्यांनी अकोल्याच्या विद्यापीठाचा एकेएडब्ल्यू ४६२७ सारखा उशिरा पेरणीचा वाण घ्यावा, बियाणं वाढवावं, ओळी थोड्या जवळ घ्याव्यात. पण ज्याच्या विहिरीला पाणी आहे आणि ज्याचं वावर दसऱ्यानंतर रिकामं पडलंय, त्यानं डिसेंबरात पेरलेल्या गव्हाला नोव्हेंबरच्या मापानं खत घालू नये. आणि तुम्ही नेमकं तेच करता.

आता फेकून पेरण्याबद्दल. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण इथूनच तुमचा युरिया वाया जायला सुरुवात होते आणि तुमच्या ते लक्षातही येत नाही.

गव्हाला मुळं दोनदा फुटतात. पहिली दाण्यातून निघतात, बारीक आणि मोजकी. ती रोपाला जगवतात, पण पीक त्यांच्या जिवावर उभं राहत नाही. दुसरी मुळं जमिनीच्या पृष्ठभागाखाली दोन-तीन सेंटिमीटरवर, रोपाच्या मुकुटातून फुटतात. पेरणीनंतर अठरा ते एकवीस दिवसांत. फुटवेही तिथूनच येतात. नत्र ओढायचं खरं काम या मुकुटमुळांचं. ती जिथे फुटतात तिथली माती कोरडी असेल तर ती मातीत शिरत नाहीत, नुसती खुंटून राहतात. आता तुमचा फेकलेला दाणा बघा. रोटाव्हेटरनं काही दाणे दहा सेंटिमीटर खाली गाडले, काही अर्ध्या सेंटिमीटरवर ठेवले, काही वरच टाकून दिले, जे चिमण्या आणि कबुतरं वेचतात. वर राहिलेल्या दाण्याचा मुकुट उन्हानं वाळलेल्या ढेकळांत तयार होतो. खाली गेलेल्या दाण्याचं सगळं अन्न वर येण्यातच संपतं, रोप फिकट आणि बारीक निघतं, फुटवा एखाद-दुसरा. एकाच वावरात चार वयांची, चार ताकदींची रोपं. त्यांतली निम्मी नत्र घेण्याच्या स्थितीतच नसतात. अशा पिकाला तुम्ही नत्र वाढवून देता. घेणार कोण ते?

आणि पीक पिवळं का पडलं, याचं उत्तर मिळालं का आता? तुमच्या मातीत नत्र नव्हतं असं नाही. तिथवर पोचणारं मूळच तयार झालेलं नव्हतं.

तुमच्या आजोबांकडे तिफण होती. चाड्यावर मूठ धरणारं माणूस घरात एखादंच असायचं, कारण ती मूठ सगळ्यांना साधत नसे. सरत्यातून दाणा ओलीला जाऊन पडायचा, प्रत्येक काकर सारखा. त्या माणसांनी कुठली पदवी घेतली नव्हती. तुम्ही पदवी घेतलीत आणि तिफण गोठ्यात टाकून मूठ भरून फेकायला लागलात. रामटेक-मौद्याच्या बाजूला धानाच्या बांधीत तर हे सर्रास चालतं. धान निघालं, बांधीत ओल आहे, टाका गहू फेकून. चिखलणी केलेल्या मातीची ढेकळं फुटत नाहीत ही अडचण खरी, मी नाकारत नाही. पण तिच्यावर शून्य मशागतीचं पेरणी यंत्र आहे. ते धानाच्या धसकटांतून थेट चर पाडून बी आणि खत दोन्ही ठेवतं, आणि मशागतीचे आठ-दहा दिवसही वाचवतं. त्याची चौकशी तुमच्यापैकी कितींनी केली?

खोलीचीही तीच गत. आजोबा दाणा खोल घालायचे, तसं आपणही घालू, असं काही जण म्हणतात. आजोबांचा बन्सी गहू उंच होता. त्याचा कोंब लांब, तो खालच्या ओलीतून वर येऊ शकायचा. तुमचा गहू बुटका आहे. या बुटकेपणाचा इतिहास मी तुम्हाला शिकवलेला आहे. जपानच्या नोरिन १० या वाणातली बुटकेपणाची जनुकं नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत वापरली, आणि १९६६ मध्ये भारतानं तिथून १८,००० टन बियाणं आणलं. कशासाठी आणलं? उंच गव्हाला नत्र दिलं की तो वाढायचा आणि ओंबीच्या वजनानं आडवा व्हायचा. बुटका गहू नत्र खाऊन उभा राहिला. कल्याणसोना, सोनालिका त्याच घराण्यातले. पण जी जनुकं ताट आखूड करतात, तीच जमिनीखालचा कोंबही आखूड करतात. म्हणून आपल्या शास्त्रज्ञांनी त्या वाणांबरोबरच पेरणीचं नवं शास्त्र दिलं: दाणा पाच-सहा सेंटिमीटरवर ठेवा, आणि पहिलं पाणी मुकुटमुळं फुटताना द्या. वाण, खोली, पाणी आणि नत्र हे चारही एकमेकांना बांधलेले आहेत. तुम्ही त्यांतलं फक्त नत्र उचललं, कारण ते दुकानात मिळतं.

ओळ वीस ते साडेबावीस सेंटिमीटर. बियाणं हेक्टरी १०० किलो, म्हणजे एकरी ४०. हजार दाण्यांचं वजन ४० ग्रॅम धरलं, तर चौरस मीटरला २५० दाणे होतात, आणि वीस सेंटिमीटरच्या ओळीत एका मीटरला ५०. हे गणित तुम्हाला परीक्षेत यायचं. पेरणी यंत्र भाड्यानं आणता तेव्हा धुऱ्यावर एक मीटर ओळ उकरून दाणे मोजून पाहिले का कधी? ट्रॅक्टरवाला म्हणेल ते माप, आणि तो म्हणेल ती खोली. त्याला घाई आहे, पुढचं वावर गाठायचंय. तुम्हाला कसली घाई होती? काही जण तर पीक दाट दिसावं म्हणून उभी-आडवी पेरणी करतात आणि त्याचा अभिमान सांगतात. एकेरी पेरा, असं विद्यापीठं कंठशोष करून सांगतात ते दोन ओळींत कोळपं चालावं म्हणून. उभ्या-आडव्या आणि फेकलेल्या गव्हात कोळपं शिरत नाही. तण निघत नाही. आणि पुढे येणारा युरियाचा दुसरा हप्ता मातीत झाकता येत नाही. पेरणीच्या दिवशी केलेली चूक एकविसाव्या दिवशीही तुमचा हात धरून बसते, ती अशी.

मग बियाण्यात युरिया मिसळून पेरणाऱ्यांचं काय सांगावं! "एका फेरीत काम होतं सर." काम होतं खरं, उगवणीचं. युरिया ओलीत विरघळला की त्याचा अमोनिया होतो, आणि कोवळ्या कोंबाला तो जाळतो. खत आणि बी यांच्यात मातीचा थर हवा. खत दाण्याच्या बाजूला आणि खाली पाच सेंटिमीटरवर. त्यासाठीच दोन कप्प्यांचं यंत्र असतं, एकात बी, एकात खत, आणि दोघांच्या नळ्या वेगळ्या. तुम्ही दोन्ही एकाच कप्प्यात ओतता आणि नंतर उगवण साठ टक्के झाली म्हणून बियाणं कंपनीच्या नावानं तक्रार करता. तक्रार करताना पंचनाम्यात लिहून द्या ना, की युरिया कालवून पेरलं होतं.

हिशोब करू या, कारण हिशोबाशिवाय तुम्ही ऐकणार नाही. वेळेवर पेरलेल्या ओलिताच्या गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र आणि ६० किलो स्फुरद, सोबत पालाश. एकरी ४८ किलो नत्र आणि २४ किलो स्फुरद झालं. डीएपीची ५० किलोची एक पिशवी घेतली की २३ किलो स्फुरद आलं, म्हणजे जवळपास पूर्ण, आणि त्यातच ९ किलो नत्रही आलं. उरलं ३९ किलो नत्र, म्हणजे सुमारे ८५ किलो युरिया. पंचेचाळीस किलोच्या दोन पिशव्यांपेक्षा थोडं कमीच. यातला ३३ किलो पेरताना, ५२ किलो पहिल्या पाण्याच्या वेळी. संपलं. एकरी दोन पिशव्यांच्या आत. तुमच्यातले काही तीन आणि चार टाकतात. उशिरा पेरलेल्या गव्हाला तर हेक्टरी ८० ते ९० किलो नत्रच पुरतं, कारण त्याच्याकडे फुटवे काढायला दिवस नसतात. त्याला तुम्ही जास्त देता, "उशीर झालाय, जोर लावू" म्हणून. नत्रानं जोर लागत नाही, पान वाढतं आणि पक्वता लांबते. म्हणजे जो गहू आधीच मार्चच्या उन्हात सापडणार होता, त्याला तुम्ही आणखी आत ढकलता. पिकाला काळोखी आली की तुम्ही खूश होऊन मोबाइलवर फोटो पाठवता. त्या काळोखीवर मावा येतो, आणि फेब्रुवारीत शेवटच्या पाण्यानंतर वारा सुटला की ते सगळं आडवं होतं. आडव्या गव्हाचा फोटो मात्र मला अजून कुणी पाठवलेला नाही.

आता युरिया जमिनीवर पडल्यावर काय होतं, ते पुन्हा एकदा. तुम्ही हा धडा पाठ केलात, समजून घेतला नाहीत. मातीतल्या युरिएज या विकरामुळे त्याचं काही दिवसांत अमोनियममध्ये रूपांतर होतं आणि युरियाच्या दाण्याभोवतीच्या मातीचा सामू आणखी चढतो. आपली माती आधीच विम्ल. पृष्ठभाग ओला, वर ऊन, आणि युरिया उघडा पडलेला. अमोनिया वायू होऊन उडून जातो. निंबोळीचा लेप असलेला युरिया २०१५ पासून सगळीकडे सक्तीचा झाला, म्हणून आता काही उडत नाही, अशी समजूत काहींनी करून घेतलीय. तो लेप अमोनियमचं नायट्रेट व्हायचा वेग कमी करतो. उघड्या मातीवरून उडणारा अमोनिया तो थांबवत नाही. दुसरीकडे, काळ्या मातीत तुम्ही पाटानं पाणी तुंबवता, दोन-दोन दिवस ते हटत नाही, मातीतली हवा संपते, आणि तिथलं नायट्रेट जिवाणू फोडतात. तेही नत्र वायू होऊन आकाशात जातं. तृणधान्यांना दिलेल्या नत्रातला तिसरा हिस्सा ते निम्मा, एवढाच पिकाच्या अंगी लागतो. बाकीचा कुठे गेला हे विचारायची तुम्हाला गरज वाटत नाही, कारण पोतं स्वस्त आहे.

करायचं काय, ते अवघड नाही. पहिलं पाणी अठरा ते एकवीस दिवसांच्या आत. वापसा आला की दोन ओळींत युरिया द्या आणि हातकोळपं किंवा सायकल कोळपं चालवून लगेच मातीआड करा. हे जमत नसेल तर संध्याकाळी युरिया देऊन लागलीच तुषार सिंचनानं हलकं पाणी द्या, म्हणजे तो विरघळून खाली उतरेल. ओल्या मातीवर सकाळी फेकून दुपारभर उन्हात ठेवू नका. सगळा एकदम देऊ नका. महिन्याचं जेवण तान्ह्या लेकराला एका दिवसात भरवतो का कुणी? पेरणीच्या दिवशी ज्याला मुकुटमुळंच नाहीत, त्या रोपाला संपूर्ण नत्र देऊन ते कुठे साठवणार आहे?

तुमच्यातले जे म्हणतात, "आमच्याकडे युरियानंच पीक येतं, बाकीचं कंपन्यांचं फॅड आहे," त्यांनी अकोल्याला जाऊन यावं. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या काळ्या जमिनीत १९८८ पासून ज्वारी आणि गहू यांच्या क्रमावर खतांचा दीर्घकालीन प्रयोग सुरू आहे. एका तुकड्याला फक्त नत्र. एकाला नत्र आणि स्फुरद. एकाला तिन्ही. एकाला तिन्हींसोबत शेणखत. कुठे गंधक, कुठे जस्त. माती तीच, पाऊस तोच, माणसंही तीच. नुसत्या नत्राचा तुकडा मागे पडला, आणि तिन्ही अन्नद्रव्यांसोबत शेणखत मिळालेला तुकडा उत्पादनातही पुढे राहिला आणि मातीतल्या सेंद्रिय कर्बातही. इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या ब्रॉडबॉक शेतात १८४३ पासून गव्हावर असाच प्रयोग चालू आहे, आणि तिथेही स्फुरद-पालाशाविना दिलेलं नत्र पुरतं कामी येत नाही. अकोला तुमच्यापासून रेल्वेनं काही तासांवर आहे. उमरेडच्या मातीला जस्त कमी पडतंय की गंधक, हे तुम्हाला माती परीक्षण सांगेल. परीक्षणाचा कागद काढायला वेळ नाही, आणि पोतं आणायला रांगेत उभं राहायला वेळ आहे?

पोतं स्वस्त का, तेही समजून घ्या. २०१० मध्ये पोषणद्रव्यांवर आधारित अनुदान आलं तेव्हा युरिया त्यातून बाहेर ठेवला गेला. त्याची ४५ किलोची पिशवी २६६ रुपये ५० पैशांना मिळते आणि डीएपीची ५० किलोची १,३५० ला. म्हणून हात युरियाकडे जातो. सरकारची चूक असेल तर तिच्याबद्दल बोलू, भांडूही. पण स्वस्त म्हणून जास्त घालणं हा शेतकऱ्याचा हिशोब होऊ शकत नाही. जो युरिया तुम्ही आणला, वाहिला, फेकला आणि जो उडून गेला, त्याची मजुरी तरी तुम्हीच दिलीत ना?

तुमच्यातल्या ज्यांनी कृषी सेवा केंद्रं काढली, त्यांना वेगळं सांगतो. तुमच्या भिंतीवर पदवीचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलंय. त्याच्यामुळे शेतकरी तुमच्यावर विश्वास ठेवतो. तो पिवळं पान घेऊन येतो आणि तुम्ही त्याला कुठलाही प्रश्न न विचारता दोन पिशव्या आणि एक फवारणीची बाटली देता. पान खालचं पिवळं आहे की वरचं, हे बघायला किती वेळ लागतो? नत्र कमी पडलं तर आधी म्हातारी, खालची पानं पिवळी होतात. गंधक कमी पडलं तर कोवळी, वरची. हे तुम्हाला येतं. येत असून न सांगणं ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे, आणि मी ती तुम्हाला शिकवलेली नाही.

आणि जे नत्र ना पिकाला मिळालं ना हवेत गेलं, ते खाली उतरतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नको, असं भारतीय मानक सांगतं. वर्धा, अमरावती, बुलढाणा, यवतमाळ या आपल्याच जिल्ह्यांत भूजलातलं नायट्रेट त्या रेषेच्या वर सापडलंय. त्यात गटारांचा आणि उकिरड्यांचाही वाटा आहे, सगळं खापर मी युरियावर फोडत नाही. पण तुमच्या वावरातल्या विहिरीचं पाणी तुमची आई पिते आणि तुमचं तान्हं लेकरूही. बाटलीनं दूध पिणाऱ्या लहान बाळांना नायट्रेट सर्वांत जास्त बाधतं, त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद ते कमी करतं. एवढं तरी मनाला लागू द्या.

मजूर मिळत नाहीत, हे मला ठाऊक आहे. यंत्र वेळेवर मिळत नाही, हेही ठाऊक आहे. म्हणूनच सांगतो, चार जण मिळून एक बी-खत पेरणी यंत्र घ्या, गावात पाळी लावा, दिवाळीआधी त्याच्या नळ्या साफ करून ठेवा. पंजाबच्या गव्हाचं उत्पादन हेक्टरी साडेचार टनांच्या घरात आणि आपलं दोन टनांच्या आसपास, हा आकडा तुम्ही भाषणात नेहमी वापरता, आणि त्यातून निष्कर्ष काढता की पंजाब जास्त खत घालतो म्हणून पुढे आहे. पंजाबला लांब हिवाळा आहे, खात्रीचं पाणी आहे, आणि तिथे गहू ओळीत आणि वेळेवर पडतो. हिवाळा तुम्ही आणू शकत नाही. ओळ आणि तारीख तुमच्या हातात आहे.

मी तुमच्यावर रागावलोय, कारण तुम्ही हे करू शकता. तुमच्याइतकं शिक्षण घेतलेली पिढी या जिल्ह्याच्या शेतीत आजवर उतरलेली नव्हती. तुमच्या धुऱ्याला लागून ज्यांची वावरं आहेत, ते तुमच्याकडे बघून पेरतात. तुम्ही फेकलंत तर तेही फेकतील.

यंदा डिसेंबरात युरिया किती टाकू म्हणून फोन करू नका. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ओळीत पेरा, खत दाण्याखाली ठेवा, आणि एकविसाव्या दिवशी वावराच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून अशी पाच रोपं मातीसकट उपटून माझ्याकडे घेऊन या. मुकुटमुळं आपण सोबत मोजू, आणि युरिया किती ते मी तेव्हा सांगेन.